अंधपंगुन्याय : संमिश्र मंत्रिमंडळांतील लहान निसर्गपक्ष

शास्त्रकारांनीं सांगितलेल्या लौकिक न्यायांत अंधपंगुन्याय म्हणून एक आहे. आंधळ्याला पाय आहेत, पण वाट दिसत नाहीं. पांगळ्याला वाट दिसते, पण चालतां येत नाहीं. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला म्हणजे दोघेही मुक्कामास पोंचतात. सांख्यांनीं हा दृष्टांत प्रकृति व पुरुष यांचा संबंध उलगडून दाखविण्यासाठीं योजिला. तथापि आजच्या राज्यकारभारांतील एका प्रश्नासही तो चपखल लागू पडतो. तो प्रश्न असा : झाडें, पाणी, हवा आणि माती यांचें रक्षण हेंच ज्यानें आपलें ब्रीद मानिलें, असा एखादा लहानसा पक्ष मोठ्या पक्षाचा धाकटा भागीदार होऊन मंत्रिमंडळांत बसला, तर त्याच्या हातून काय घडतें, आणि त्याचें स्वतःचें काय होतें?

हा प्रश्न राजकारणी मंडळींचा आहे, गृहस्थाश्रमी वाचकांचा नव्हे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. आम्ही शिवडीस राहतों. मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचें हें ठिकाण. टेकाडावर इंग्रजांनीं १६८० सालीं बांधलेला किल्ला, खालीं बंदराच्या वखारी व धक्के, आणि त्यांच्यापलीकडे ओहोटीच्या वेळीं उघडा पडणारा चिखलाचा विस्तीर्ण पट्टा. थंडीच्या दिवसांत रोहित पक्ष्यांचे थवे या चिखलांत उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं निघून जातात. चोंच उलटी धरून ते पाण्यांतील शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खातात; चिखल नासला कीं त्यांचें ताटच गेलें. याच चिखलावरून आज न्हावा-शेव्याकडे जाणारा सेतु उभा आहे. त्याची लांबी २१.८ किलोमीटर, त्यांपैकीं सुमारें १६.५ किलोमीटर समुद्रावरून. १२ जानेवारी २०२४ रोजीं त्याचें उद्‌घाटन झालें.

सेतु नको होता असें आमचें म्हणणें नाहीं. पलीकडच्या तीरावर पोटासाठीं जाणाऱ्या माणसाचे तास वांचत असतील तर तें पुण्यच आहे. पण ठाणें खाडीचा उत्तरेकडील भाग २०१५ सालीं फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून राखला गेला, २०२२ सालीं तो रामसर कराराच्या जागतिक यादींतही गेला, आणि शिवडीचा चिखल मात्र त्या सीमेबाहेरच राहिला. येथील किनाऱ्याची जमीन मुख्यतः बंदराच्या ताब्यांतली, आणि बंदर केंद्र सरकारचें. चिखलाला मत नाहीं, रोहिताला मत नाहीं; शिवडी कोळीवाड्यांतील होडीवाल्याला मत आहे, पण तें मोजक्या घरांचें. तेव्हां जेथें निर्णय होतात त्या बैठकींत या सर्वांच्या वतीनें बोलणारा कोणी असावा कीं नाहीं, आणि असल्यास त्यानें तेथें कसें वागावें, याचा विचार आमच्यासारख्या सामान्य मतदारानेंही करण्याजोगा आहे.

असे पक्ष प्रथम उदयास आले ते परदेशांत. १९७२ सालीं ऑस्ट्रेलियांतील टास्मानिया बेटांत पेडर नांवाचें सरोवर धरणाच्या पाण्याखालीं जाऊं लागलें, तेव्हां त्याच्या रक्षणासाठीं जमलेल्या मंडळींनीं असा एक पक्ष काढला. त्याच वर्षीं न्यूझीलंडांतही एक निघाला. परंतु खरें बळ आलें तें जर्मनींत. १३ जानेवारी १९८० रोजीं कार्ल्सरूह येथें ग्रीन पक्षाची स्थापना झाली. १९८३ सालीं ५.६ टक्के मतें मिळवून तो जर्मन लोकसभेंत शिरला, आणि १९८५ च्या डिसेंबरांत हेसन प्रांतांत जोश्का फिशर हे त्याचे पहिले मंत्री झाले. शपथविधीस ते पांढरे खेळाचे बूट घालून आले आणि सभ्य लोकांत मोठा गहजब उडाला. ही पहिली भागीदारी सव्वा वर्षाच्या आंतच हानाऊ येथील अणुइंधनाच्या कारखान्यावरून मोडली.

पुढें १९९८ ते २००५ पर्यंत हाच पक्ष सोशल डेमोक्रॅट पक्षाचा धाकटा भागीदार म्हणून सबंध देशाच्या सत्तेंत बसला. त्यास किंमत द्यावी लागली. युद्धविरोधी चळवळींतून वाढलेल्या या पक्षाचे फिशर परराष्ट्रमंत्री असतां १९९९ सालीं जर्मन विमानें कोसोव्होच्या युद्धांत उतरलीं, आणि बीलेफेल्ड येथील परिषदेंत स्वपक्षीयांपैकींच कोणीं तरी तांबड्या रंगाची पिशवी त्यांच्या कानावर मारिली. पण पदरांतही कांहीं पडलें. सूर्य व वारा यांपासून वीज करणाऱ्यास वीस वर्षें ठराविक दर देणारा कायदा २००० सालीं झाला, आणि अणुवीजकेंद्रें क्रमाक्रमानें बंद करण्याचा कायदा २००२ सालीं. दुसऱ्या कायद्याची कथा लक्षांत ठेवण्यासारखी आहे. २०१० सालीं पुढच्या सरकारनें केंद्रांच्या मुदती वाढविल्या. २०११ सालीं जपानांत फुकुशिमा येथें अपघात होतांच त्याच सरकारनें त्या पुन्हां आखडल्या. आणि १५ एप्रिल २०२३ रोजीं शेवटचीं तीन केंद्रें बंद झालीं. हा निर्णय शहाणपणाचा होता कीं नाहीं याविषयीं जर्मनींतच मतभेद आहेत. आम्हांस दाखवावयाचें तें इतकेंच कीं, कायद्याच्या पुस्तकांत उतरलेली गोष्ट तो पक्ष सत्तेबाहेर गेल्यावरही टिकली.

आयर्लंडांतील गोष्ट अधिक करुण आहे. तेथें २००७ सालीं सहा सभासदांचा ग्रीन पक्ष फिआना फॉल या मोठ्या पक्षाच्या मंत्रिमंडळांत गेला. प्राचीन आयरिश राजांचें पीठ म्हणून ज्या तारा टेकडीला मान, तिच्या शेजारच्या खोऱ्यांतून मोटाररस्ता नेण्यास या पक्षाचा कडवा विरोध होता. पण मावळत्या मंत्र्यानें पद सोडण्याच्या तोंडावर त्या कामाच्या आड येणाऱ्या प्राचीन अवशेषांबद्दलच्या हुकुमावर सही करून ठेविली. खुर्चीवर बसलेल्या ग्रीन मंत्र्यास ती फिरवितां येईना. आणि रस्ता २०१० सालीं खुला झाला. मध्यंतरीं देशांतील पेढ्या कोसळल्या, सरकारावर कर्जाचा डोंगर चढला. त्या पापांत ग्रीन मंडळींचा वांटा थोडा, पण शिक्षा पुरती मिळाली : २०११ च्या निवडणुकींत सहाच्या सहा जागा गेल्या. २०२० सालीं पक्ष पुन्हां बारा जागांवर आला, पुन्हां सत्तेंत बसला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत एका जागेवर आला. मात्र दुसऱ्या खेपेस त्यानें एक काम केलें होतें. २०३० पर्यंत हवेंत जाणारे तापदायी वायु २०१८ च्या मानानें ५१ टक्के कमी करण्याचें बंधन घालणारा कायदा २०२१ सालीं त्यानें मंजूर करून घेतला. पक्ष गेला, कायदा राहिला.

धाकट्या भागीदारावरच बोल कां येतो, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. तिजोरीची किल्ली थोरल्याकडे असते, धाकट्याकडे बाजारहाट असतो. भाजी महाग झाली तर घरांतलीं सर्व माणसें धाकट्याकडे पाहतात, आणि लग्नकार्य थाटानें झालें तर मान थोरल्याला मिळतो. मंत्रिमंडळाचें तसेंच आहे. आपल्या घटनेच्या १६४ व्या कलमाप्रमाणें राज्याचें मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिक रीत्या जबाबदार असतें. म्हणजे बैठकींत मंत्र्यानें कितीही विरोध केला तरी निर्णय झाल्यावर तो त्याचाही निर्णय ठरतो. मोठ्या पक्षाचा मतदार असल्या निर्णयानें फारसा बिथरत नाहीं, कारण त्यानें मत दिलें तें रस्त्यासाठीं, नोकरीसाठीं किंवा जातीपातीसाठीं. लहान निसर्गपक्षाच्या मतदारानें मत दिलेलें असतें तें एकाच वचनासाठीं. तें मोडलें कीं त्याच्यापाशीं त्या पक्षाला धरून राहण्याचें दुसरें कारण उरत नाहीं.

आतां घराजवळ येऊं. मराठी मुलखाच्या शेजारीं, किंबहुना त्याच्या कुशींत, गोमंतकांत या प्रकारचें सर्वांत जवळचें उदाहरण घडलें. श्री. विजय सरदेसाई यांच्या पुढाकारानें २०१६ च्या जानेवारींत गोवा फॉरवर्ड नांवाचा पक्ष निघाला. तो शुद्ध निसर्गपक्ष नव्हे. ‘गोंयकारपण’ हा त्याचा मुख्य मंत्र. पण त्या मंत्रांत शेत, बागाईत व जमीन यांचें रक्षण अभिप्रेत होतें, आणि पक्षाचें चिन्हही होतें नारळ. चिन्हाला त्या वेळीं विशेष अर्थ होता. त्याच महिन्यांत तेव्हांच्या सरकारनें वृक्षसंरक्षणाच्या कायद्यांत दुरुस्ती करून माडाला ‘वृक्ष’ या व्याख्येंतून वगळलें होतें. माड हा ताडवर्गांतला, शास्त्रदृष्ट्या तो वृक्षच नव्हे, असा युक्तिवाद करण्यांत आला. उद्योगांना बागा साफ करणें सोपें जावें म्हणून हा खटाटोप, असा विरोधकांचा आरोप होता. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या कल्पवृक्ष म्हणत आलों, ज्याच्या फळाशिवाय आपलें एकही मंगलकार्य होत नाहीं, त्याला कायद्यानें वृक्ष म्हणूं नये, याचा राग गोव्याच्या घराघरांत होता.

२०१७ च्या फेब्रुवारींत निवडणूक झाली. ४० जागांच्या सभागृहांत काँग्रेसला १७, भारतीय जनता पक्षाला १३, आणि चारच जागा लढवून गोवा फॉरवर्डला ३ मिळाल्या. भाजपाच्या विरुद्ध मतें मागून निवडून आलेला हा पक्ष, श्री. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री होत असतील तर, या अटीवर भाजपाच्याच सरकारांत गेला. पक्षाचे अध्यक्ष श्री. प्रभाकर तिंबले यांनीं निषेध म्हणून राजीनामा दिला. पक्षाचे तिन्ही आमदार मंत्री झाले. एवढ्या लहान पक्षाला बाराजणांच्या मंत्रिमंडळांत तीन जागा म्हणजे छप्पर फाडून मिळालेलें दान, असेंच कोणासही वाटावें. शेती आणि नगरनियोजन हीं दोन्ही खातीं श्री. सरदेसाई यांच्याकडे आलीं. शेत राखणारें खातें आणि शेतावर काय बांधावें हें ठरविणारें खातें एकाच हातीं, आणि तो हात नारळवाल्या पक्षाचा. यापेक्षां अनुकूल योग कोणता?

वचनाची पूर्ति झाली हें प्रथम सांगितलें पाहिजे. २०१७ सालींच कायद्यांत पुन्हां दुरुस्ती होऊन माड पूर्ववत् वृक्ष झाला. लहान पक्षानें मोठ्या भागीदाराकडून त्याचाच दीड वर्षापूर्वींचा कायदा फिरवून घेतला, ही गोष्ट सामान्य नव्हे. पण पुढच्याच वर्षीं, २०१८ सालीं, नगरनियोजनाच्या कायद्यांत १६-ब हें कलम घालण्यांत आलें. खाजगी मालकानें अर्ज करावा आणि प्रादेशिक आराखड्यांत त्याच्या जमिनीला लावलेला वापर बदलून मिळावा, अशी वाट या कलमानें उघडली. आराखड्यांतील चुकांमुळें अडलेल्या गोमंतकीयांची सोय होईल, असें त्याचें समर्थन होतें. आणि तशीं अडलेलीं घरें होतीं हेंही खोटें नव्हे. परंतु गोवा फाउंडेशनसारख्या संस्था न्यायालयांत गेल्या. त्यांचा आक्षेप असा कीं, सबंध राज्याचा विचार करून आंखलेला आराखडा अशा एकेका अर्जानें कुरतडला जाईल. माड राखणाऱ्या पक्षाच्या मंत्र्याच्या खात्यांतून हें कलम यावें, याचें लोकांस आश्चर्य वाटलें.

शेवट अधिक बोधप्रद आहे. १७ मार्च २०१९ रोजीं श्री. पर्रीकर निवर्तले. नव्या मंत्रिमंडळांत श्री. सरदेसाई उपमुख्यमंत्री झाले. १० जुलै रोजीं काँग्रेसचे दहा आमदार भाजपांत गेले. आतां लहान भागीदाराची गरज उरली नाहीं, आणि तीन दिवसांच्या आंत गोवा फॉरवर्डचे तिन्ही मंत्री बाहेर झाले. २०२२ च्या निवडणुकींत पक्षाला एकच जागा मिळाली. ज्याच्या खांद्यावर बसावयाचें त्याला दुसरा डोळस भेटला, किंवा डोळ्यांची गरजच वाटेनाशी झाली, कीं पांगळा पुन्हां वाटेच्या कडेला.

महाराष्ट्रांत असा स्वतंत्र पक्ष सत्तेंत आला नाहीं. पण धाकट्या भागीदारानें निसर्गाचा कैवार घेण्याचे प्रसंग आले. २०१४ ते २०१९ या काळांत शिवसेना भाजपाची धाकटी भागीदार होती. राजापूर तालुक्यांतील नाणार येथील नियोजित तेलशुद्धीकरण कारखान्यास ग्रामस्थांचा विरोध होता. २०१८ च्या एप्रिलांत सेनेचे उद्योगमंत्री श्री. सुभाष देसाई यांनीं जमीन घेण्याची अधिसूचना रद्द केल्याचें सभेंत जाहीर केलें, मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं सांगितलें कीं असा निर्णय झालेलाच नाहीं. खातें ज्याचें त्याचा शब्दही एकट्याचा चालत नाहीं, याचें हें उघड उदाहरण. ती अधिसूचना प्रत्यक्ष मागें गेली ती २०१९ च्या मार्चांत, लोकसभेकरितां युतीची बोलणीं पुरीं झाल्यावर. म्हणजे धाकट्याचें वजन खात्यांत नव्हतें, निवडणुकीच्या तोंडावरील गरजेंत होतें. पुढें २०२२ च्या जानेवारींत त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनीं कारखान्यासाठीं जवळच्या बारसूची जागा पत्र लिहून सुचविली, हेंही नमूद केलें पाहिजे.

आरे येथील मेट्रोच्या कारशेडची हकीगत वाचकांस ठाऊक आहेच. २०१९ च्या ऑक्टोबरांत उच्च न्यायालयाचा निकाल लागतांच त्याच रात्रीं झाडांवर कुऱ्हाड पडली आणि दोन हजारांहून अधिक झाडें गेलीं. तेव्हां विरोध करणारी सेना सरकारांतच होती. नोव्हेंबरांत श्री. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, त्यांनीं कामास स्थगिति दिली. २०२० सालीं शेड कांजुरमार्गास नेण्याचें ठरलें. त्या जमिनीचें हस्तांतर डिसेंबरांत उच्च न्यायालयानें थांबविलें. २०२२ च्या जुलैंत नव्या सरकारनें शेड पुन्हां आऱ्यास आणली. स्थगिति हुकुमानें आली, हुकुमानेंच गेली. पण त्याच काळांत आऱ्याची ८०० एकरांहून अधिक जमीन वनकायद्याखालीं राखीव वन ठरविण्यांत आली, ती मात्र एका सहीनें पुसण्याजोगी गोष्ट नव्हे.

या सर्व उदाहरणांवरून स्थालीपुलाकन्यायानें तीन गोष्टी दिसतात. पहिली : लहान पक्षाचें बळ सर्वांत अधिक असतें तें सरकारांत शिरण्यापूर्वींच्या रात्रीं. उंबरठा ओलांडला कीं तें उतरूं लागतें. म्हणून मागावयाचें तें थोडें, नेमकें आणि लेखी मागावें. वीस वचनांपेक्षां दोन कलमें बरीं. दुसरी : स्थगिति, घोषणा आणि हुकूम यांवर विसंबूं नये. जें कायद्यांत, अधिसूचित सीमेंत किंवा न्यायालयाच्या आज्ञेंत उतरेल तेंच आपलें. तिसरी : सगळेच डोळे आंत नेऊं नयेत. गोव्यांत तीनच आमदार आणि तिघेही मंत्री. सरकाराला टोंकणारा पक्षाचा एकही माणूस सभागृहांत उरला नाहीं. उलट जर्मन ग्रीन पक्षानें पक्षाचें नेतेपद व लोकसभेंतील जागा एकाच माणसाकडे असूं नये असा नियम पुष्कळ वर्षें पाळला. त्या नियमानें त्यांची गैरसोय झाली, परंतु मंत्र्यांना जाब विचारणारें कोणी तरी बाहेर राहिलें.

खांद्यावरून केव्हां उतरावें हेंही ठरलेलें असावें. फिनलंडांतील ग्रीन पक्षानें २००२ सालीं पांचव्या अणुभट्टीस संसदेची मंजुरी मिळतांच मंत्रिमंडळ सोडलें. भट्टी थांबली नाहीं. ती बांधली गेली आणि २०२३ सालीं चालूही झाली. पण दुसऱ्याच वर्षीं झालेल्या निवडणुकींत पक्षाच्या जागा ११ वरून १४ झाल्या. शब्दास जागणाऱ्याचा पराभवही लोक विसरत नाहींत.

तर मग अशा पक्षानें सत्तेंत जावेंच कशाला, चळवळ करून बाहेरूनच कां लढूं नये, असें विचारतां येईल. हा पक्ष दुबळा नाहीं. गोव्याचा २०११ चा प्रादेशिक आराखडा गोवा बचाव अभियानाच्या लोकांनीं एकही मंत्री नसतां २००७ च्या जानेवारींत सरकारला मागें घ्यावयास लाविला. मुंबईंतील तिवरांचीं झाडें आज जीं उभीं आहेत तीं बव्हंशीं बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रूप या संस्थेनें लढविलेल्या दाव्यामुळें. त्यांतच २००५ व २०१८ सालीं उच्च न्यायालयाच्या आज्ञा झाल्या. पण चळवळ बहुधा ‘नको’ म्हणूं शकते. माड पुन्हां वृक्ष ठरविणारा मसुदा सभागृहांत मांडण्यास कोणाला तरी आंत असावें लागतें. बाहेरचा जागल्या आणि आंतला कारभारी, दोघेही हवेत. आंतल्यानें बाहेरच्याला शत्रु मानूं नये, आणि बाहेरच्यानें आंतल्याच्या प्रत्येक तडजोडीला विकलेपण म्हणूं नये, एवढें पथ्य दोघांनीं पाळलें तर पुष्कळ साधेल.

आम्हां मतदारांचें कामही यांतून ठरतें. मत मागावयास कोणीही येवो, मोठ्या पक्षाचा येवो कीं लहान, त्याला ‘तुम्ही निसर्गप्रेमी आहां काय’ असें विचारूं नये. त्या प्रश्नाला ‘होय’ याखेरीज उत्तर येत नाहीं. शिवडीकरानें विचारावें तें असें : पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या मोकळ्या जमिनींचा नवा विकास करतांना हा चिखलपट्टा कोणत्या कायद्याखालीं, कोणत्या सर्व्हे नंबरांपर्यंत, कोणत्या तारखेच्या आंत राखून द्याल? कोळीवाड्याच्या होड्यांची वाट नकाशावर दाखवाल काय? आणि तुमच्या थोरल्या भागीदारानें नाहीं म्हटलें, तर तुम्ही काय कराल? या तीन प्रश्नांचें उत्तर कागदावर देणारा उमेदवार कोणत्याही चिन्हाचा असो, विचारांत घेण्यासारखा आहे. दादरच्या वाचकानें, बोरीवलीच्या वाचकानें, राजापूरच्या वाचकानें आपापल्या गांवच्या पाण्याचें व झाडाचें नांव घालून हेच प्रश्न विचारावे.

पांगळ्याला वाट दिसते एवढ्यानें प्रवास होत नाहीं, आणि आंधळ्याला पाय आहेत एवढ्यानेंही होत नाहीं. कोठें जावयाचें तें खांद्यावर चढण्यापूर्वींच दोघांनीं ठरविलें पाहिजे, आणि ठरलें तें चारचौघांसमक्ष सांगितलें पाहिजे. इत्यलम्.